दोन्या पिएरिनाची चादर

पडदा नव्हताच. सालादियो वस्तीतल्या क्लबचं बास्केटबॉलचं मैदान, वर गंजका पत्रा, कोपऱ्यात सॉसेजच्या जळक्या चरबीचा धूर आणि फळ्या ठोकून केलेलं स्टेज. त्यावर सगळ्यात मागे, ड्रमच्या आड, एर्सिलिया बाल्दुच्ची घाम पुसत बसलेली. दिवसा खाटकाकडे आतडी धुवायची आणि संध्याकाळी ‘गालपोन’ बँडसाठी ड्रम बडवायचे, हेच तिचं आयुष्य. हातांचा वास काही केल्या जायचा नाही. रेकॉर्ड निघाली की आधी हे काम सोडायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तेव्हा रोसारिओ शहरात बँडची माणसं स्टेजमागे टांगायला बँडचं नाव चादरींवर रंगवून आणायची. गालपोनची पहिली चादर एर्सिलियाच्या आईची, दोन्या पिएरिनाची, तिच्या लग्नातली. म्हातारी ती दर कार्यक्रमाला स्टेजमागच्या भिंतीवर स्वतः बांधायची.

त्या रविवारी भिंतीवर आधीच एक कापड होतं. त्यावर दात काढून हसणारी बिअरची बाटली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिळे ओळखीचे होते, तिने बाटलीवरच चादर ताणून बांधली.

गायक लिसांद्रो तरातरा आला. नवं चामडी जाकीट, अत्तर असं की डोकं उठावं.

“जाडे, आईला सांग, ते फडकं काढ म्हणावं.”

“कुठलं फडकं?”

“अगं, बिअर कंपनीचा माणूस समोर बसलाय! रेकॉर्ड तेच काढणारेत. बाटलीचं तोंड झाकलंय तिने.”

“आम्हाला कधी सांगणार होतास? गेल्या रविवारी पैशासाठी विकल्या गेलेल्यांवर गाणं म्हणत रडलास. मलाही रडवलंस, मेल्या.”

“गाणं वेगळं, पोट वेगळं.”

“पोटाचं मला नको शिकवूस. मी रोज धुते.”

लिसांद्रोने खिशातला चाकू काढून दोरी कापली. चादर खाली तेलकट फळ्यांवर पडली. त्याने ती बुटाने बाजूला सारली आणि समोरच्या माणसाकडे पाहून हसला. अगदी त्या बाटलीसारखा.



म्हातारी चादर झटकत पुटपुटली, “जाऊ दे गं पोरी. वाजव तू. त्या खाटकाकडून सुटशील तरी.”

समोर पोरं गाणं सुरू होण्याआधीच नाचायला लागली होती. लिसांद्रोने हात वर केला. मागून ठोका येईना.

एर्सिलियाने काठ्या कमरेला खोचल्या होत्या. लहान ड्रम सोडवून तिने आईच्या चादरीत गुंडाळला आणि काखेत मारला. दीड वर्षाचा गालपोन बँड तिथेच संपला. सोमवारी ती पुन्हा आतडी धुवायला हजर होती, आणि पुढेही वर्षानुवर्षं तेच करत राहिली. पण त्या संध्याकाळी ती आईला हाताला धरून पायऱ्या उतरत होती, तेव्हा लिसांद्रो माईक झाकून खेकसला, “जाडे, कुठे निघालीस? ड्रम कोण वाजवणार?”

ती वळली नाही.

“बाटलीला सांग.”