गिरणीतले कोयते

बारावीच्या आमच्या पुस्तकात अमेरिकेला फारशी जागा नाही. पण पुस्तकाबाहेर पाय टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही माझी जुनी खोड. म्हणून गणपती उठल्यावर मी वर्गात विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका काढली. आमचं ज्युनिअर कॉलेज पाथर्डीच्या बाजूला. पाटीवर अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच. प्रोजेक्टर नेहमीप्रमाणे बिघडलेला, तेव्हा फोटो मी माझ्या मोबाईलवरच दाखवले आणि मोबाईल बाकाबाकांवरून फिरवला.

फोटो सूतगिरण्यांतल्या मुलांचे होते. अनवाणी पोरं-पोरी, केसांत कापूस, मागे यंत्रांची रांग. फोटो काढणाऱ्याला मालक आत सोडत नसत, म्हणून तो काहीतरी थाप मारून शिरायचा. पोरांचं खरं वय कुणी सांगत नसे, म्हणून त्यांची उंची तो आपल्या कपड्यांच्या बटनांवर मोजायचा. हे सांगितलं आणि वर्ग जागा झाला. एरवी माझा तास म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पुढं काय झालं त्या पोरींचं?"

तेवढ्यात घंटा झाली. "पुढच्या तासाला सांगते," मी म्हणाले आणि घरी करायला एक छोटा इंग्रजी उतारा दिला. त्यात गिरणीतल्या मजुरांना 'हँड्स' म्हटलं होतं. बहुतेकांनी 'हात' लिहून आणलं, थोड्यांनी 'कामगार'. या मुलीनं लिहिलं होतं, 'त्या गिरणीत पुष्कळ कोयते कामाला होते.' मी खाली लाल पेनानं लिहिलं, 'सुताच्या गिरणीत कोयते कशाला? ऊस लावला होता का?' आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

पेपर परत घेताना ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, ऊसतोडीच्या टोळीत मानसं मोजत न्हाईत, कोयते मोजत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम ईचारतो, किती कोयते हायेत. मला वाटलं, त्येंच्यात हात म्हनत्यात, आपल्यात कोयता."

मी माझा प्रश्न खोडला आणि तिच्या वाक्यावर बरोबरची खूण केली. हिला इतिहास घेऊन बी.ए. करायला लावायचं, असे मनातले मांडे मी तिथल्या तिथे खाल्ले. तेवढ्यात ती म्हणाली, "औंदा मी बी कोयत्यात हाय."

तिच्या आईची गर्भपिशवी काढली होती आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती. दिवाळीनंतर टोळी निघणार होती आणि आईच्या जागी ही जाणार होती. हंगाम संपायच्या आत बारावीची परीक्षा होऊन जाते. म्हणजे शाळा संपली, असा त्याचा सरळ अर्थ होता.

त्या दिवशी गिरणीतल्या मुलींचं पुढे काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं. मी तिच्या घरी गेले. वडिलांना ती आण्णा म्हणे. त्यांनी खुर्ची पुसून दिली, आईनं चहा टाकला. मला वाटत होतं, पोरीला एकटी कुठे ठेवायची हा त्यांचा घोर असणार. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "माझ्याकडे राहू द्या. परीक्षा होईपर्यंत माझी मुलगी."

आण्णा म्हणाले, "तुमी ठिवाल वो मॅडम. पन माझ्या संगं कोन यील? अर्धा कोयता कोनी टोळीत घेत न्हाई."

"मग या वर्षी जाऊच नका."

"आन इथं काय करू?" ते शांतपणे म्हणाले. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "परीक्षा पुढच्या साली देता येत न्हाई का?" मी 'येते' म्हणाले. पुढच्या साली आई बरी होणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी प्राचार्यांकडे गेले, हजेरीतून सूट मागितली, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. वसतिगृह होतं, पण लहान मुलांसाठी. शेवटी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतात. कुणाकुणाला अडवणार?" परीक्षेचा अर्ज तेवढा त्यांनी भरू दिला. मला त्यांचा राग आला, आण्णांचा आला, सगळ्यात जास्त त्या मुलीच्या समजूतदारपणाचा आला. तिनं एकदा तरी भांडायला हवं होतं. दिवाळी झाली आणि एका सकाळी टोळीचा ट्रक कॉलेजवरून गेला तेव्हा माझा तास चालू होता. मी फळ्यावर लिहीत राहिले, काय लिहिलं ते आठवत नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि मी हॉल तिकीट घेऊन निघाले. टोळी नेवाशाकडे आहे एवढं कळलं होतं. घोडेगावात जनावरांचा बाजार भरलेला, म्हशींच्या गर्दीत एसटी अडकली तेव्हा मी कंडक्टरवर विनाकारण खेकसले. पुढे विचारत विचारत फडात पोचले.

तिला मी आधी ओळखलंच नाही. डोक्याला फडकं, कपड्यांवर बापाचा शर्ट, हातांवर पाचटाचे ओरखडे. "परवापासून पेपर आहेत," मी म्हणाले. "चल. मी आण्णांशी बोलते."

"मी आले तर आण्णा अर्धा कोयता, मॅडम. टोळी थांबत न्हाई." मग तिनं विचारलं, "गिरनीतल्या त्या पोरींचं तुमी सांगनार व्हता."

उसाच्या फडात उभी राहून मी इतिहास शिकवला. सांगितलं, पोरांच्या मजुरीविरुद्ध कायदा झाला, मोठ्या कोर्टानं तो मोडीत काढला. बऱ्याच वर्षांनी पुन्हा झाला, तो टिकला.

"मंग त्या शाळंत गेल्या?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही गं. तोवर त्या मोठ्या बायका झाल्या होत्या."

तिनं मान हलवली. "मंग त्यांच्या पोरी गेल्या आसतील," ती म्हणाली आणि बांधलेल्या मोळीपाशी बसली. मोळी डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. आण्णा तिकडे ट्रॅक्टरवर ऊस रचत होते, जवळपास कुणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत थांबली. मी हॉल तिकीट दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी मोळी तिच्या डोक्यावर दिली.