सरकारबाबांची कोरडी जमीन

आमच्या सासऱ्यांनी रविवारी प्रार्थनेसाठी डोळे मिटले की त्याच वेळी गोंदियाहून बालाघाटची छोटी गाडी सुटायची. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबायची, इंजिन पाणी प्यायचं, गार्ड खाली उतरून ओळखीपाळखीच्यांची विचारपूस करायचा, आणि तरीही गाडी बालाघाटला पोचायची तेव्हा इकडे सासऱ्यांचं ‘आमेन’ यायचं बाकीच असायचं. तुम्हाला हे खोटं वाटत असेल तर तुम्ही आमच्या कौलारू चर्चमध्ये कधी बसला नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मी बसलोय. उपाशी बसलोय. एकदा लग्नाच्या दिवशी गुळगुळीत दाढी करून आलेल्या नवरदेवाला ‘आमेन’नंतर पुन्हा न्हाव्याकडे पाठवावं लागलं होतं, आणि नवरी म्हणे त्याला ओळखेना.

गावात त्यांना सरकारबाबा म्हणत. सरकारी नोकरी त्यांनी जन्मात केली नव्हती. मिशनचे प्रचारक म्हणून ते सालेकशाच्या जंगलापर्यंत पायी फिरलेले, आणि म्हातारपणी रेल्वेलाइनपलीकडच्या मिशन कंपाउंडात राहायचे. पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा रायपूरहून येत. बाकीचे रविवार सासऱ्यांच्या ताब्यात. शास्त्रात लिहिलंय, की राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. लिहिलंय म्हणजे करायची. इतर ख्रिस्ती लोक ‘पुढाऱ्यांना सुबुद्धी दे’ एवढ्यावर भागवतात. सरकारबाबा राष्ट्रपतींपासून निघत आणि हुद्द्याहुद्द्याने उतरत कलेक्टर, तहसीलदार, फौजदार, स्टेशनमास्तर करत कोतवालापर्यंत येत. नावानिशी, आजारानिशी. कागद लागत नसे.

त्यातही एकदा घातलेलं नाव ते काढत नसत. देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्हाला वाटलं, चला, विलायतचा राजा तरी सुटला. पुढच्याच रविवारी राजा हजर! मी बाहेर आल्यावर विचारलं, “मामाजी, आता त्याचं इथं काय?”

“राजा गेला म्हणजे मेला काय?” ते म्हणाले. “उलट बिचाऱ्याचं एवढं मोठं राज्य गेलं. त्याला आता जास्त गरज आहे. देव खोडरबर ठेवत नाही, जावईबुवा.”

तेव्हापासून कोणाची बदली झाली की नवा आत यायचा आणि जुना बाहेर जायचा नाही. पुढे आमचा भाग मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला, तेव्हा नागपूरचे मंत्री होते तिथेच राहिले आणि वरून मुंबईचे आले. राज्य पुनर्रचनेचा खरा फटका कोणाला बसला असेल तर तो आमच्या रविवारच्या जेवणाला.

नवा अधिकारी आला की कोट चढवून, छत्री घेऊन ते त्याच्या कचेरीत जात. एका तहसीलदाराशी झालेलं बोलणं मी स्वतः ऐकलंय.

“काय तक्रार आहे?”

“तक्रार नाही. तुमच्यासाठी प्रार्थना करतो. काय मागू?”

“अर्ज आणलाय?”

“अर्ज वर करायचा आहे. तुमचं दुखणंखुपणं सांगा.”

तहसीलदाराने दाराकडे पाहिलं, शिपायाला बाहेर काढलं आणि हळूच मूळव्याध सांगितली. पुढच्या रविवारी ती साऱ्या मंडळीला कळली.

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. सरकारबाबांच्या मार्थाशी माझं लग्न झालं तेव्हा मुलगी शांत आहे, स्वयंपाक करते, एवढंच मला सांगितलं होतं. मुलीचे वडील शास्त्राचा एकेक शब्द जसाच्या तसा धरून चालतात आणि जेवतानाही सोडत नाहीत, हे कोणी बोललं नाही. एकदा मी म्हटलं, “मामाजी, पृथ्वी फिरते. मग बायबलातल्या यहोशवाने सूर्य थांबवला कसा?” त्यांनी हातातला घास खाली ठेवला. आता संध्याकाळ होणार हे ओळखून सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, म्हणाल्या, “जेवून घ्या जी आधी. वरन थंडं होऊन राहिलं. सूर्य मंग थांबवा.”

राजकारणात त्यांचं मत पक्कं होतं. सत्ता देव नेमतो. आपण कर भरायचा, कायदा पाळायचा, निमूट जाऊन मत द्यायचं आणि कोणाला दिलं ते बायकोलाही सांगायचं नाही. चर्चमध्ये घोषणा नाही, झेंडा नाही, उमेदवार नाही. “देवच नेमतो तर मत कशाला द्यायचं?” मी अडवलं. “धान देव पिकवतो,” ते म्हणाले, “म्हणून लोक चिखलात उतरून रोवणा करायचं सोडतात काय?” अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा मालगाडीला खांद्याने रेटलेलं बरं.

आता मुख्य दुखणं सांगतो. आमचं कबरस्तान. कुण्या गोऱ्या साहेबाने ती जागा भर मे महिन्यात पाहून पसंत केली होती. भेगा पडलेली, टणक, बाभळीच्या सावलीची. साहेब खूश. त्याला कोणी सांगितलंच नाही, की चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी साठवणारी शेतं आहेत आणि ही जागा त्यांच्याहून खोल. आषाढापासून दिवाळीपर्यंत तिथं बेडकं नांदायची. पावसाळ्यात मरायचं नाही, असा आमच्या कंपाउंडात अलिखित नियमच होता, आणि माणसं तो शक्य तेवढा पाळत.

मामींना दम्याने धरलं होतं. एका दिवाळीत त्या बाजेवर टेकून बसल्या होत्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “एक आयकता काय? मले त्या चिखलात नोका टाकू जी. जल्मभर लोकायच्या बांधीत रोवणा केला, बोटायच्या बेचक्या कुजल्या. मेल्यावर तरी कोरड्यात झोपू द्या.”

सासरे छत्रीची काडी सरळ करत बसले.

आणि त्याच आठवड्यात देवाने दारात शेठ पाठवला! राईस मिलवाला, पोट पुढे, मुनीम मागे, नगरपालिकेच्या निवडणुकीत उभा. त्याच्या मिलमागे मुरमाड, उंच, ठणठणीत कोरडा तुकडा होता. मोहाचं एक झाडही होतं वर.

“पादरीबाबा,” शेठ म्हणाला, “वो मिल के पीछेवाला टुकडा आपका. आपके लोग एकदम सूखे में सोयेंगे. बस, इतवार को एक बार मेरा नाम ले लो ऊपरवाले के सामने. आपके लोग भी सुन लेंगे.”

“तुम्ही अधिकारी आहात?”

“बनूंगा ना!”

“मग बना आधी. शास्त्रात अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना सांगितली आहे. उमेदवारांसाठी नाही.”

शेठ गेला आणि मी उसळलो. “मामाजी, विलायतचा राजा चालतो, त्याला गोंदिया कुठं आहे ते माहीत नाही. हा शेठ चालत नाही? एक नाव! तुमच्या प्रार्थनेत एक नाव म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी!”

“राजाने मला काही देऊ केलं नव्हतं,” ते शांतपणे म्हणाले. “जमीन घेऊन केली तर ती प्रार्थना नव्हे. ती लाच. देणारा शेठ, घेणारा मी, आणि देवाला मधे दलाल म्हणून बसवायचं.”

मामी बाजेवरून सगळं ऐकत होत्या. “जाऊ द्या जावाई,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “ह्यायचा देव लय कायद्याचा हाय.”

सासरे त्यांच्याजवळ गेले. “तुला तरी समजतं ना?”

“समजते जी. म्हून तं राग येते.”

मी मात्र हार मानणाऱ्यांतला नव्हतो. मिलवर जाऊन शेठच्या कानात सांगितलं, “रविवारी येऊन पहिल्या बाकावर बसा. म्हातारा डोळे मिटून भरात आला की समोर दिसेल त्याचं नाव घेतो.” डोळे मिटल्यावर समोरचा दिसणार कसा, हे शेठच्या लक्षात आलं नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

रविवारी शेठ इस्त्रीचं धोतर नेसून आला. प्रार्थना राष्ट्रपतींवरून निघाली. मंत्री झाले, कलेक्टर झाले, शेठची मान पुढे. तहसीलदाराची मूळव्याध झाली, शेठचे हात जोडलेले. मग सासरे नगरपालिकेवर आले. शेठने श्वास रोखला. मीही रोखला. “आणि हे प्रभू, आमच्या नगरपालिकेच्या सध्याच्या अध्यक्षांची पाठदुखी बरी कर, आणि तुझी इच्छा असेल तर त्यांच्या हातून या शहराची आणखी सेवा घडव!”

सध्याचे अध्यक्ष म्हणजे शेठच्या विरोधात उभा असलेला माणूस! शेठ असा उठला, की बाक त्यावरच्या माणसांसकट उलटलं. सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. ते तोवर फौजदारावर गेले होते.

पुढची मजा ऐका. शेठ निवडून आला, अध्यक्षही झाला. आणि पुढच्याच रविवारी सासऱ्यांनी त्याला प्रार्थनेत घेतलं. “हे प्रभू, तू यांना खुर्चीवर बसवलंस. का, ते तुझं तुला ठाऊक. आता यांच्या मिलच्या तांदळात जे खडे निघतात, ते वेचायची यांना बुद्धी दे.” चर्चच्या खिडक्या मिलच्या रस्त्यावर उघडत. धानाच्या गाड्या हाकणारे खिडकीशी थांबून हसत होते. दुपारपर्यंत खडे साऱ्या बाजारात पोचले. मी घरी येऊन भिंतीवर डोकं आपटलं. तो पोपडा अजून तसाच आहे.

पुढच्या श्रावणात मामी गेल्या. आभाळ फाटलं होतं. खड्डा खणावा तर खणतानाच भरायचा. धानाचं वाळकं तणीस अंथरलं तर तरंगून वर आलं. शेवटी सासरे स्वतः खड्ड्यात उतरले. मांडीपर्यंत गढूळ पाणी. ते बादली भरून वर देत होते, मी घेऊन बांधावर रिकामी करत होतो, आणि बांधावरून ते पाणी पुन्हा खाली झिरपत होतं. ते एकदाही वर बघत नव्हते. पेटी उतरवल्यावर बाहेर आले आणि त्यांनी प्रार्थना केली. मंडळी सवयीने पाय बदलून उभी राहिली.

“प्रभू, तिला कोरड्या जागी ने. आमेन.”

लोकांनी डोळे उघडायला उशीर केला. कोणाचा विश्वासच बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओलाच कोट चढवला आणि मला म्हणाले, “चला, शेठकडे.” मला वाटलं, दुःखाने म्हातारा फिरला. शेठही घाबरला. “पादरीबाबा, सुनके बहुत दुख हुआ...”

“ती मिलमागची जमीन द्या.”

मी पाहातच राहिलो. शेठही.

“आता तुम्ही मत मागत नाही,” सासरे म्हणाले, “आणि मला पुरायचं माणूस उरलं नाही. आता दिलीत तर ते दान. माझ्या मंडळीसाठी मागतोय.”

तिथल्या तिथे तांदळाच्या पोत्यात तोंड खुपसून ओरडावं असं मला वाटलं. अहो, हीच जमीन! हाच शेठ! घरी आणून देत होता!

“देखेंगे,” शेठ म्हणाला.

झालं. पुढच्या रविवारपासून प्रार्थनेत नवी ओळ आली. “अध्यक्षांना आपण ‘देखेंगे’ म्हणाल्याची आठवण राहू दे.” खिडक्या उघड्या. गाडीवान आता खिडकीबाहेरून ‘आमेन’ म्हणायला लागले. धानकापणी संपायच्या आत शेठचा मुनीम दोरी घेऊन जमीन मोजायला आला. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबू, जमीन ले लो. मगर अपने ससुर को बोलो, खिडकी बंद करके प्रार्थना करें.”

“मामाजी, ही लाच नव्हती, पण धमकी होती,” मी टोमणा मारला.

“आठवण होती,” ते म्हणाले. खिडक्या उघड्याच राहिल्या.

नवं कबरस्तान झकास झालं. लोकांना तर तिथं जायची घाई होते की काय, असं वाटायला लागलं. मोहाखालची सर्वांत उंच जागा मी सासऱ्यांसाठी मनात राखून ठेवली होती. माझ्या छळात कसर राहू नये म्हणून त्यांनी अंथरूण धरलं तेही ऐन भादव्यात.

“मला तिकडे नको,” ते म्हणाले. “मार्थाच्या आईजवळ.”

“मामाजी, तिथं मांडीभर पाणी आहे!”

“शास्त्रातल्या याकोबानेही बायकोजवळच पुरायला सांगितलं होतं.”

“त्याच्या गुहेत पाणी नव्हतं!”

“असतं तरी त्याने तेच सांगितलं असतं.” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “ती रागात गेली, जावईबुवा. किती दिवस एकटी ठेवायची?”

तर त्या भादव्यात, सगळी मंडळी ज्या जमिनीसाठी त्यांना दुवा देत होती ती कोरडीठाक पडली असताना, मी जुन्या कबरस्तानात खड्ड्यात उभा राहून पाणी उपसत होतो. तोंडाने जे म्हणत होतो ते शास्त्रात नाही. बांधावर एक छत्री आली. छत्रीखाली शेठ. खुर्ची जाऊन त्याला वर्ष झालं होतं. त्याने छत्री मार्थाकडे दिली, धोतर वर खोचलं आणि म्हणाला, “बाबू, दूसरी बाल्टी है?”

पाद्रीसाहेबांची गाडी पावसात अडकली होती. प्रार्थना माझ्यावर आली. मी मनाशी ठरवलं, दोन ओळी. लोक भिजताहेत. डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि काय सांगू, राष्ट्रपतींवरूनच निघालो. नागपूरचे मंत्री, मुंबईचे मंत्री, विलायतचा मेलेला राजा, तहसीलदाराची मूळव्याध, सगळे रांगेने येत गेले. मला थांबताच येईना. नगरपालिकेपाशी आलो आणि एक डोळा किलकिला केला. शेठ चिखलाने माखलेले हात जोडून, डोळे गच्च मिटून उभा होता. मी त्याचं नाव घेतलं. तांदळातल्या खड्यांसकट.

कोतवालापर्यंत पोचून ‘आमेन’ म्हटलं तेव्हा खड्डा पुन्हा काठोकाठ भरला होता. आम्ही दोघांनी मुकाट्याने बादल्या उचलल्या.