हळद लागली, सिस्टर

अंगावर किरणोत्सर्गाची धूळ बसलेला पेशंट आला तर काय करायचं, हे शिकवायला आमच्या आरोग्य केंद्रात दरवर्षी मुरबे गावचे, अणुवीज केंद्रात काम करणारे एक सर येतात. सामानात मुख्य म्हणजे हळदीची पुडी. वॉर्डबॉयला खोटा पेशंट करून निजवतात, त्याच्या कपड्यांवर धूळ म्हणून हळद भुरभुरतात आणि म्हणतात, "हां सिस्टर, काढा याचा शर्ट. धूळ उडता कामा नाय."

पहिल्या वर्षी मला राग आला होता. वीस वर्षं नोकरी झालेल्या नर्सला हे काय शिकवणार! मी हातमोजे चढवले, शर्ट अलगद कापला, आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत टाकला. सरांनी नुसता आरसा पुढे धरला. माझ्या नाकावर पिवळा ठिपका होता. घसरलेला चष्मा मी कधी वर सारला, माझं मलाच कळलं नव्हतं.

"हळद लागली, सिस्टर. आता घरी न्याल, पोरीला लावाल."

बोलतात हसत, पण स्वतः कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय चहाच्या कपाला शिवत नाहीत.

यंदा त्याच पोरीच्या हळदीला सर आले. सगळे एकमेकांना माखत होते आणि हे हात मागे बांधून कोपऱ्यात उभे. मीच ओढत नेलं. त्यांनी एका बोटाने तिच्या गालाला हळद लावली आणि सवयीने नळाकडे गेले. नळ सोडला. मग बोटाकडे बघत राहिले, नळ बंद केला आणि ते बोट स्वतःच्याच गालाला पुसलं.

"आज ही हळदच हाय," ते स्वतःशीच म्हणाले.