स्ट्रेचरवरून केलेली तपासणी

रुग्णवाहिकेचे मागचे दार उघडताच डिझेल आणि फिनाइलचा मिसळलेला वास येतो, आणि मला वाशीमच्या वर्कशॉपमधील माझे पहिले वर्ष आठवते.

एका सकाळी मी एका रुग्णवाहिकेच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी तयार असल्याचे सांगितले. मांडीचे हाड मोडलेल्या एका आजींना तासाभरात अकोल्याला न्यायचे होते. आमचे उस्ताद रहीमचाचा म्हणाले, "तयार हाय ना? मंग लेट स्ट्रेचरवर."

"मले काय झालं, चाचा?"

"तुले काई नाई. बुढीले होईन. लेट!"

त्यांनी गाडी अनसिंगच्या रस्त्यावर काढली. प्रत्येक खड्डा माझ्या पाठीत उतरत होता. मी पाट्यांचे नट गाडी जॅकवर असतानाच आवळले होते. ते गाडीचा भार चाकांवर आल्यानंतर आवळायचे असतात, नाहीतर पाटे अडकून बसतात आणि धक्के झेलत नाहीत. परतल्यावर चाचांनी माझ्या हाती पाना दिला, आणि मी चाके जमिनीवर असताना नट सैल करून पुन्हा आवळले.

संध्याकाळी अकोल्याहून परतलेल्या ड्रायव्हरने सांगितले, "बुढी तं पातूर गाव येईपावतर आरामात झोपून होती."

आज चाचा नाहीत. दुरुस्ती संपली की मी आधी मदतनिसाला गाडी रस्त्यावर काढायला सांगून स्ट्रेचरवर आडवा होतो, आणि छताकडे पाहत मनोमन त्यांचे आभार मानतो.