दत्ताने निवडलेला रेडिएटर

लडाखमध्ये आमच्या पलटणीचा दुसरा हिवाळा चालू होता. मी हवालदार, ईएमईचा, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती शाखेचा व्हेईकल मेकॅनिक, पलटणीच्या गाड्या सांभाळायला तिथे जोडलेला. माझं गाव रेणापूर. सगळ्या पलटणीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. दुसरा नाईक दत्ता इंगळे. तो देगलूरकडचा, अँब्युलन्सचा ड्रायव्हर. मला तो उस्ताद म्हणायचा. वर्कशॉपमध्ये कोणी नसलं की आम्ही मराठीत बोलायचो. बाकी वेळ हिंदी.

वरच्या पोस्टवर हेलिकॉप्टर रोज येत नाही. हवा बिघडली की खाली जायला एकच रस्ता आणि एकच अँब्युलन्स. गाडी जुनी होती, पण इंजिन चांगलं होतं. त्या वर्षी तिचा रेडिएटर गेला. जाळी सडली होती. एक जागा झाळली की शेजारची गळायची.

डिमांड पाठवली. नवा रेडिएटर आला तो पुढच्या मॉडेलचा, ॲल्युमिनियमचा, वर-खाली प्लास्टिकच्या टाक्या. हलका, चकचकीत. खालचा पाइप मात्र दुसऱ्या बाजूला. ब्रॅकेटला नवी भोकं पाडून आणि होज वळवून तो बसला असता. दुसरा मार्ग म्हणजे यार्डात उभी असलेली एक रद्द गाडी. तिचा रेडिएटर आमच्याच मॉडेलचा, तांब्या-पितळेचा. जड आणि काळा पडलेला.

माझं मन नव्याकडे होतं. जुना आतून किती चोंदलाय ते वरून कळत नाही. सुभेदार साहेबांनी दोन्ही पाहिले आणि म्हणाले, "ड्रायव्हर को पूछो. चलाना उसको है."

दत्ता दोन्हींपुढे उकिडवा बसला. नव्याची टाकी त्याने नखाने वाजवून बघितली.

"उस्ताद, ह्येला दगड लागला तर?"

"फुटंल."

"मंग रस्त्यात काय करायचं?"

"काही न्हाई. टोइंग बोलवायचं."

"आन जुन्याला लागला तर?"

"नळी दाबून बंद करता येते. पक्कड असली म्हणजे झालं."

"मंग जुनाच बसवा. टोइंग येईस्तोवर पेशंट राहतो व्हय?"

मी यार्डातल्या गाडीचा जुना काढला, धुतला, पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरली. बुडबुडा आला नाही. आतून पाणी सोडलं तेव्हा आधी गंज पडला, मग धार मोकळी झाली. दोन दिवस वर-खाली चालवून पाहिला. चढावर सुई मधल्या खुणेच्या पुढे गेली नाही. दत्ता खूष होता. खूष असला की तो काही बोलायचा नाही, फक्त काच पुसत बसायचा.

त्यानंतर काही आठवड्यांनी वरच्या पोस्टवरून सकाळी मेसेज आला. एका शिपायाच्या फुफ्फुसात पाणी भरत होतं. त्या उंचीवर असं होतं. अशा माणसाला लवकर खाली नेणं हाच उपाय. ढग खाली आले होते, हेलिकॉप्टरची आशा नव्हती. अँब्युलन्सला ऑर्डर झाली. गाडी दत्ताची, पेशंटसोबत नर्सिंग असिस्टंट, आणि रस्ता खराब म्हणून मी.

आम्ही वर पोस्टवर पोचलो. पोरगं वीस-एकवीसचं असेल. ओठ निळे, तोंडाला फेस. ऑक्सिजन लावून त्याला मागे झोपवलं आणि आम्ही उतरायला लागलो. निम्म्या वाटेत डोंगरावरून दगड सुटले. एक लहान दगड बॉनेटवर आपटून उडाला. दुसरा ग्रिल तोडून आत गेला. दत्ताने ब्रेक लावला नाही. गाडी तशीच पुढे काढून कड्याच्या आडोशाला उभी केली.

मी रेडिओ उचलला.

"अल्फा वन फॉर कंट्रोल. रेडिएटर हिट. रुककर रिपेअर कर रहे हैं. ओव्हर."

"कंट्रोल. पेशंट? ओव्हर."

"सीरियस. ओव्हर."

"कितना टाइम? ओव्हर."

"वेट. आउट."

बॉनेट उघडलं. वरची टाकी आत चेपली होती, पण फुटली नव्हती. जाळीच्या दोन नळ्या फाटल्या होत्या आणि कूलंट बर्फावर हिरवं सांडत होतं. प्लास्टिकची टाकी असती तर आमचा प्रवास तिथेच संपला असता. मी पक्कड घेतली. जाळीचे पत्रे मोडून नळीची टोकं मोकळी केली आणि दाबून दुमडायला लागलो. हातमोजे घालून ते जमत नव्हतं, म्हणून काढले.

पुढच्या वळणावर पडलेल्या दगडांनी रस्ता अडला होता. दत्ता पहार घेऊन निघाला.

मी म्हणालो, "थांब. हे झालं की दोघं जाऊ."

"तुमचं होईस्तोवर माझं होतंय, उस्ताद."

त्याचं बरोबर होतं. एकाने गाडी आणि एकाने रस्ता, हेच आम्हाला शिकवलं होतं. मला पहारीचा आवाज येत होता. दगड खाली घरंगळत जात होते. दुसरी नळी दुमडली तेव्हा वरून पुन्हा खडखडाट झाला. मी ओरडलो. आवाज थांबल्यावर पाहिलं तर नवे दगड थेट दरीत गेले होते, वळण मोकळं होतं आणि दत्ता रस्त्याच्या कडेला पडला होता.

मी आणि नर्सिंग असिस्टंटने त्याला उचलून आणलं. बाहेर रक्त फारसं नव्हतं. छातीला आणि पोटाला मार होता. पेशंटच्या शेजारी त्याला झोपवलं. मी जेरीकॅनमधलं कूलंट ओतलं आणि स्टिअरिंगवर बसलो.

अँब्युलन्सच्या केबिनला मागे एक लहान खिडकी असते. ती मी उघडी ठेवली.

"उस्ताद, सुई?"

"मधोमध हाय."

"गळती?"

"न्हाई. तू बोलू नको."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "थंडी वाजून राहिली." असिस्टंटने स्वतःचा कोट काढून त्याच्यावर घातला. मग त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, "घरला आत्ताच कळवू नका. मी सोता सांगतो."

त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. मी दोनदा हाक मारली. खिडकीतून असिस्टंट म्हणाला, "गाडी मत रोकना, उस्ताद."

मला कळलं. मी गाडी थांबवली नाही. सुई मधोमध होती. खाली एमआय रूमला, म्हणजे फौजेच्या दवाखान्याला, डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी आधी त्या पोराला उतरवलं. तो जगला. पुढे बरा होऊन पलटणीत परतही आला.

दत्ताला घेऊन मी देगलूरला गेलो. हैदराबादपर्यंत विमान, तिथून फौजेची गाडी. रस्त्यात पाट्या आधी तेलुगूत होत्या, मग मराठीत आल्या. गावात माणसं मावत नव्हती. भाषणं झाली. त्याची बायको ओट्यावर मुलीला धरून बसली होती. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. वडील पूर्ण वेळ उभे होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही सांगितलं नाही.

पेन्शन आल्यावर मी लातूरला रेडिएटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेणापूरहून रोज जाऊन-येऊन करतो. जुन्या जीप, ट्रॅक्टर, टेम्पो येतात. गिऱ्हाईक विचारतं, नवा टाकू का जुनाच बांधून घेऊ? मी गाडी आणि तिचं काम बघून सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात दुकानापुढे एक म्हातारा माणूस येऊन थांबला. खांद्यावर पोतं. देगलूरहून एसटीने, उदगीरला गाडी बदलून आला होता. पोतं खाली ठेवल्यावर मी ओळखलं. दत्ताचे वडील.

"काका, फोन करायचा. मी आलो असतो."

"मलाच यायचं होतं."

पोत्यात त्यांच्या जीपचा रेडिएटर होता. दत्ता सुट्टीवर आला असताना त्याने घेतलेली ती जुनी जीप. त्यांचा पुतण्या तिच्यात उडीद-सोयाबीन बाजारात नेतो.

"देगलूरात म्हणतेत, नवा ॲल्युमिनचा टाका. तू काय म्हणतोस?"

मी तपासला. टाक्या शाबूत होत्या, जाळी खराब. म्हणालो, "दोन्ही चालतील. तुमचा रस्ता सपाट हाय. नवा हलका पडंल. जुन्याला नवी जाळी घातली तर शेतातबी दुरुस्त होईल."

ते पाटावर बसले. चहा आला. त्यांनी तो प्यायला नाही.

"त्या दिवशी बी रेडिएटरच फुटला व्हता म्हणं."

"हाव."

"मला कुणी नीट सांगितलं न्हाई. तू व्हतास. तू सांग."

मी कामाची माणसं बाहेर पाठवली आणि सगळं सांगितलं. त्याने कोणता रेडिएटर निवडला तिथपासून. पाण्याचं सांगितलं तेव्हा विचारलं, "दिलं का पाणी?"

"ओठ भिजवले. पोटाला मार व्हता, ज्यादा देता येत नव्हतं."

"ते पोरगं वाचलं, हे त्याला कळलं का?"

हो म्हणणं सोपं होतं.

"न्हाई, काका. न्हाई कळलं."

बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बरं केलंस," ते म्हणाले. "आजवर जो आला त्यो सांगून गेला, तुमचा दत्ता हसत गेला. साहेब आले, पुढारी आले, समदे हेच. हसत कोण जातं रे? मी त्याचा बाप हाय. मला म्हाईत हाय, त्याला थंडी सोसत नव्हती."

मग ते रडले. दत्ताला घेऊन गेलो त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसून राहिलो.

जुनाच बांधायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत मी नवी जाळी झाळून दिली आणि दुसऱ्या दिवशी सोबत जाऊन रेडिएटर जीपला बसवला.

फौजेबाहेर मला पुष्कळ जण विचारतात, शहीद होताना जवान काय म्हणतो. मी ज्याला पाहिलं त्याचं सांगतो. नाईक दत्ता इंगळे, ड्रायव्हर, राहणार देगलूर तालुका. त्याने रस्ता मोकळा केला. त्याला तहान लागली होती, थंडी वाजत होती, आणि घरी काय सांगायचं ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.