फोटोतून काढलेली माणसं

रागवावं तर आमच्या अकोल्याच्या मावसाजींनी! इतर लोक फार तर बोलणं टाकतात; हे माणसाला फोटोतूनच काढून टाकत. पोरांच्या अभ्यासासाठी घरात कॉम्प्युटर आला, मासिकासोबतच्या सीडीतून फोटो दुरुस्त करायचं फुकटचं सॉफ्टवेअर आलं, आणि पोरांचा अभ्यास तिथंच आटोपला. ऑफिसातून आले की मावसाजी बनियनवरच माऊस धरून बसत. एका साळ्यानं त्यांच्या हातच्या वांग्याच्या भाजीला नाव ठेवलं, तर तो साक्षगंधाच्या फोटोतून गायब! त्याच्या जागी मंडपाचा खांब. समेट झाला की माणूस परत. हात मात्र असा सफाईदार, की लग्नाच्या फोटोत मावशीच्या नाकावर बसलेली माशी त्यांनी नथीला धक्का न लावता उडवली होती. मी म्हटलं, "मावसाजी, हे काही बरं नाही." तर म्हणे, "फुकटचं हाये, वापरू नाही काय?"

मग विहिरी आटल्या, कपाशीला भाव राहिला नाही, आणि चांदूर बाजारची वडिलोपार्जित संत्र्याची बाग वाळली. मावसाजींच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, यांना न विचारताच ती झाडं तोडली. मावसाजी भडकले. बैठकीत दोघा भावांचा जवानीतला फोटो होता. चार दिवसांत तिथं एकटे मावसाजी लागले. फक्त भावाचा हात तेवढा खांद्यावर राहून गेला. पाच बोटं, मनगटावर घड्याळ, पुढे माणूसच नाही! आम्ही पोट धरधरून हसलो. "राहिला असंन," म्हणत ते उठून गेले.

पुढे मुलीचं लग्न ठरलं, आणि भावाशिवाय यांचा जीव लागेना. पत्रिका घेऊन स्वतः गेले, पण दादा येतात की नाही या काळजीनं हळदीच्या दिवशी दहादा फाटकापर्यंत जाऊन आले. मावशी ओरडली, "अवो, तो फोटो तरी काढा! पाहतीन तं उलट्या पावली जातीन." यांनी काढला नाही.

भाऊ आले, आणि चपला काढून थेट फोटोपुढेच उभे! आमची पाचावर धारण बसली.

"हा हात माहा हाये ना?"

"हो, दादा."

"मंग हा काहून ठेवला?"

"निंघतच नव्हता," मावसाजी खाली मान घालून म्हणाले.

नाकावरची माशी उडवणारा माणूस! मावशीनं पदर तोंडाला लावला. दादांनी फोटोतल्या त्या हातावरून बोट फिरवलं. मग डोळे पुसत म्हणाले, "चाल, जेवाले वाढ."

आता मावसाजीही नाहीत, दादाही नाहीत. फोटो तिथंच आहे. नवा पाहुणा त्या हाताला हसतो, आम्हीही हसतो, आणि मला दोघांची फार आठवण येते.