आपले लोक हरून राहिले

बाबा गेल्याचं मृणालनं मला फोनवर सांगितलं नाही. ती सरळ माझ्या ऑफिसात आली. खाली कोणीतरी भेटायला आलंय असा निरोप मिळाला म्हणून गेलो, तर काचेच्या दाराशी ती उभी होती. घरातल्याच सपाता पायात, हातात गाडीची किल्ली घट्ट धरलेली. ‘‘बाबा गेले, श्री,’’ ती म्हणाली. ‘‘संध्याकाळी फिरून आले, पाणी मागितलं, आणि आई पाणी घेऊन येईपर्यंत...’’ बाहेर अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातलं सप्टेंबरचं स्वच्छ ऊन पडलं होतं, लोक कॉफीचे कप घेऊन आमच्या बाजूनं जात-येत होते. आम्ही दोघं पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. मग ती रडली.

बाबा म्हणजे माझे सासरे, वसंतराव. नागपूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि आवाज असा, की शेवटच्या बाकालाही ऐकू जावा. आमच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते आणि मी एकमेकांशी फार सांभाळून बोलत होतो. मी पुण्याचा, आयटीतला, त्यांच्या एकुलत्या मुलीला सातासमुद्रापार घेऊन आलेला. ते मला ‘श्रीकांतराव’ म्हणत, ‘अहो-जाहो’ करत, फोनवर हवापाणी विचारत आणि ‘घ्या, मृणालच्या आईशी बोला’ म्हणून मोकळे होत. त्या माणसाशी माझी दोस्ती झाली ती एका हिवाळ्यात, आणि तीही आइस हॉकीच्या एका अतिशय वाईट सीझनमुळे. आज ते आठवायला बसलो तर आधी हसू येतं, आणि मग...

आमच्या भागात आइस हॉकीची एक व्यावसायिक टीम आहे. बर्फ क्वचित पडणाऱ्या आमच्या नॉर्थ कॅरोलायनात बर्फावरच्या खेळाची टीम कशाला, असं लोक आधी थट्टेनं विचारायचे. पण २००६च्या उन्हाळ्यात ही टीम चॅम्पियन झाली आणि सगळा गाव वेडा झाला. गाड्यांवर लाल झेंडे लागले. मृणाल आणि मी आदल्या वर्षी चार मॅचेस पाहिल्या होत्या, तेवढ्यावर आम्हीही स्वतःला जुने भक्त समजू लागलो आणि त्या उत्साहात पुढच्या पूर्ण सीझनची शेजारशेजारची दोन तिकिटं घेऊन टाकली. मग थोड्याच दिवसांत कळलं, की मृणालला दिवस आहेत. बाळ थंडीत होणार होतं. ‘‘आता मी काही त्या गारठ्यात येत नाही,’’ ती हसून म्हणाली होती, ‘‘माझ्या खुर्चीवर कोट ठेव.’’

ऑक्टोबरात आई-बाबा आले. आईंच्या बॅगेत डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळासाठी जुन्या मऊ साड्यांची दुपटी. बाबांच्या बॅगेत दोन स्वेटर, एक माकडटोपी आणि अमेरिकेचा एक नकाशा. एअरपोर्टवरून घरी येताना त्यांनी तो मांडीवर उघडला आणि आम्ही नेमके कुठून कुठे चाललो आहोत ते पाहत बसले.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, मृणाल सकाळी म्हणाली की बाळ हलत नाहीये. हॉस्पिटलात गेलो. त्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. मुलगी होती. तिला या जगात श्वास घ्यायचाच नव्हता.

घरी आल्यावर घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. आईंनी तिसऱ्या दिवशी डिंक तळायला घेतला. बाबांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हळूच विचारलं, ‘‘आता कशाला?’’ आई मागे न वळता म्हणाल्या, ‘‘बाळंतीण आहे ना ती. आहेच ना?’’ मृणाल ते लाडू निमूटपणे खायची. बाबा दिवाणखान्यात सोफ्याच्या टोकाला बसून असायचे, मी दुसऱ्या टोकाला. दोन पुरुष, घरात काही उपयोग नसलेले. शेवटी एका शनिवारी मृणालच खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘श्री, ती तिकिटं आहेत ना? बाबांना घेऊन जा प्लीज. मला आणि आईला जरा एकटं असू दे.’’

मला वाटलं बाबा नाही म्हणतील. ते उठले, आतून माकडटोपी घालून आले आणि दाराशी जाऊन बूट चढवू लागले.

स्टेडियमच्या आत, झगमगाटात, हजारो लाल जर्सीवाल्यांमध्ये माकडटोपी घातलेले ते एकटेच होते. रबराची ती काळी चकती, पक, त्यांना पहिला अर्धा तास दिसलीच नाही. ‘‘चेंडू कुठंय?’’ एवढंच विचारत राहिले. मग दोन खेळाडूंनी हातमोजे फेकले आणि एकमेकांना गुद्दे मारायला सुरुवात केली. पंच बाजूला उभे राहून बघताहेत म्हटल्यावर बाबा ताडकन उभे राहिले. ‘‘अहो, सोडवत कसे नाहीत कोणी?’’ मी सांगितलं, की थोडा वेळ भांडू देतात, मग शिक्षा म्हणून त्या काचेच्या खोक्यात नेऊन बसवतात. दोघं खेळाडू खोक्यात जाऊन बसल्यावरच ते खाली बसले आणि समाधानानं म्हणाले, ‘‘हे बरंय. आम्हाला छडी बंद झाली तेव्हा असं काहीतरी द्यायला हवं होतं.’’

पण ते खरे रमले ते वेगळ्याच गोष्टीत. मध्यंतरात मी त्यांना खेळाडूंची माहिती असलेलं पुस्तक आणून दिलं. कोण कुठल्या गावचा ते त्यात छापलेलं असतं. चष्मा कपाळावर सरकवून बाबा वाचू लागले आणि कित्येक दिवसांनी मी त्यांचा वर्गातला आवाज ऐकला. ‘‘श्रीकांतराव, हा सस्कॅचेवानचा आहे! कॅनडातला गव्हाचा प्रदेश. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात, म्हणून पोरं घराबाहेर पडली की बर्फावरच. आणि हा फिनलंडचा. मी चाळीस वर्षं मुलांना फिनलंडमधली सरोवरं पाठ करायला लावली हो. तिथला माणूस पहिल्यांदाच पाहतोय.’’ पुढच्या मॅचपासून फिनलंडवाला त्यांचा झाला. तो पडला की बाबा ‘अरे अरे’ करत आणि उठला की टाळ्या वाजवत.

टीम मात्र हरत होती. आदल्या वर्षीचे तेच खेळाडू, तोच कोच, पण कशालाच जोर नव्हता. जिंकत आलेली मॅच शेवटच्या दहा मिनिटांत घालवायची. नाहीतर सुरुवातीलाच तीन गोल खाऊन बसायची. पेपरवाले लिहायचे, की चॅम्पियन झाल्याची सुस्ती आहे, अमक्याचा गुडघा दुखावलाय, तमक्याचं वय झालंय. डिसेंबर-जानेवारीत लोक चिडायला लागले. एकदा आमच्या मागचा एक दांडगा माणूस आमच्याच गोलकीपरला सतत शिव्या घालत होता. बाबांनी मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं, दहावी ‘ड’ला पाहावं तसं. माणूस गप्प झाला. थोड्या वेळानं त्यानं बाबांपुढे पॉपकॉर्नचा डबा धरला. बाबांनी दोन दाणे घेतले, ‘थँक यू’ म्हणाले. घरी परतलो की आई विचारायच्या, ‘‘काय झालं हो?’’ आणि बाबा टोपी काढत सांगायचे, ‘‘काय होणार? हरून राहिले ना आपले लोक!’’ हे ‘आपले लोक’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मृणाल किंचित हसली होती. मला ते अजून दिसतं.

मॅच संपायला दोन मिनिटं असताना आणि आपण एका गोलनं मागे असताना या खेळात गोलकीपरला बाहेर बोलावतात आणि त्याच्या जागी हल्ला करायला आणखी एक गडी पाठवतात. बाबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. ‘‘अहो, तो घर उघडं टाकून चालला!’’ मी म्हटलं, ‘‘बाबा, एका गोलनं हरलं काय आणि दोन गोलनं हरलं काय. प्रयत्न तर करायचा.’’ त्या दिवशी समोरच्यांनी लांबूनच पक ढकलला आणि तो सावकाश, अगदी सावकाश घरंगळत रिकाम्या गोलमध्ये गेला. बाबांनी माझा दंड सोडला.

फेब्रुवारीतली एक रविवार दुपारची मॅच. तीही हरलो. पार्किंगमधून गाड्या निघायला वेळ लागतो म्हणून आम्ही हीटर लावून गाडीत बसलो होतो. बाबा समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. आणि एकदम म्हणाले, ‘‘तुम्ही तिला पाहिलंत ना?’’

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘मी नाही पाहिलं. ती नर्स विचारायला आली, आजोबा येतात का आत. मी म्हटलं, कॉफीचं मशीन कुठंय? आणि निघून गेलो... त्या इमारतीत भटकत राहिलो. मृणालच्या आईनं घेतलं तिला मांडीवर. माझ्यानं झालं नाही.’’ त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. ‘‘कशी होती हो ती?’’

तोवर मला कोणीच हे विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे, देवाची मर्जी, पुन्हा होईल, तुम्ही अजून लहान आहात. कशी होती, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगायला लागलो. जावळ खूप होतं, काळंभोर. कपाळ मृणालचं. बोटं लांब. ‘‘आणि कान तुमच्यासारखे होते, बाबा. असे थोडे पुढे आलेले.’’ बाबांनी नकळत स्वतःच्या कानाला हात लावला, माकडटोपीवरूनच. मग ते रडले आणि मीही रडलो, स्टीअरिंगवर डोकं टेकून. आजूबाजूच्या गाड्या निघून गेल्या, पार्किंग रिकामं झालं, तरी आम्ही बसून होतो.

घरी गेल्यावर त्यांनी टोपीही न काढता मृणालच्या खोलीचं दार वाजवलं. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. आधी मृणालचा चढलेला आवाज आला. ‘‘तुम्ही आलाच नाहीत, बाबा! मी वाट बघत होते,’’ असं काहीतरी. मग दोघांचं हलक्या आवाजातलं बोलणं. आईंनी चार कप चहा टाकला आणि दोन कप घेऊन त्या दाराशी उभ्या राहिल्या, आत जावं की नाही ते न कळून. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या मुलीबद्दल बोलता येऊ लागलं. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण ते चौघांचं झालं.

एप्रिल उजाडला. कॅरीत तेव्हा पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण सगळीकडे बसतात, गाड्या हळद लावल्यासारख्या दिसतात. आदल्या वर्षीची चॅम्पियन टीम या वर्षी पुढच्या फेरीतसुद्धा जाणार नाही हे नक्की झालं होतं. घरच्या मैदानावरची शेवटची मॅच तेवढी उरली होती, आणि त्यानंतर लगेचच आई-बाबांचं परतीचं विमान. त्या दिवशी मृणाल जीन्स आणि जुनी लाल जर्सी घालून बाहेर आली. ‘‘मी पण येते.’’ बाबा लगेच म्हणाले, ‘‘मग तुम्ही दोघं जा. तिकीट तुझंच आहे.’’ ती म्हणाली, ‘‘गप्प बसा हो बाबा. आई, तू पण चल.’’ आणखी दोन तिकिटं दारावर सहज मिळाली. हरणाऱ्या टीमचा तेवढा एक फायदा असतो, आमच्या रांगेतल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही चौघं ओळीनं बसलो. आईंनी शाल डोक्यावरून घेतली आणि मॅच संपेपर्यंत ‘पडेल गं तो, पडेल’ एवढंच म्हणत होत्या. बाबा मृणालला समजावून सांगत होते, कोण कुठल्या गावचा, तिथे काय पिकतं, हिवाळा किती लांब असतो. जणू तिनं हा खेळ कधी पाहिलाच नव्हता. ती मान डोलावत ऐकत होती.

ती मॅचही हरलो. संपल्यावर खेळाडू मैदानाच्या मध्यावर गोळा झाले आणि त्यांनी स्टिक वर उचलून प्रेक्षकांना सलाम केला. मला वाटलं होतं लोक हुर्यो करतील. पण उरलेसुरले सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. बाबाही. मृणालनं त्यांच्या दंडात हात घातला होता, त्यामुळे त्यांना नीट टाळ्या वाजवता येत नव्हत्या. तसेच, अर्धवट, वाजवत राहिले.

नागपूरला गेल्यावर आमच्या रविवारच्या सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, त्यांचा फोन यायला लागला. आता ते मृणालच्या आधी मला मागायचे. ‘‘बोला, काय झालं आपल्या लोकांचं?’’ मी गोलपासून गोलपर्यंत सगळं सांगायचो. पुढचा सीझनही काही खास गेला नाही, तरी त्यांची उत्सुकता कमी झाली नाही. फोनवर ते मला कधी ‘श्रीकांत’ म्हणायला लागले, ते मला आणि त्यांनाही कळलं नसावं.

आम्ही नागपूरला जाऊन दिवसवार करून परत आलो. आई तिकडेच राहिल्या, आपल्या घरी. इकडे ऑक्टोबरात नवा सीझन सुरू झाला. पहिल्या मॅचला मृणाल आणि मी गेलो. टीम जिंकली. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहा घेत होतो तेवढ्यात फोन वाजला. आई होत्या. मी मृणालला हाक मारणार, तर त्या म्हणाल्या, ‘‘नाही, तुमच्याशीच बोलायचंय. काल मॅच होती ना? काय झालं?’’

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या पुढे म्हणाल्या, ‘‘मला त्यातलं काही कळत नाही हो. पण रविवारी या वेळेला घरात ते ऐकायची सवय झाली आहे... तुम्ही सांगा सगळं. थांबा, मी त्यांच्या खोलीत जाते. खुर्चीवर बसते. हं, सांगा आता. सावकाश सांगा.’’

मी सांगायला सुरुवात केली.